पुठ्ठ्याची नळी वळणारे यंत्र : कोन, गोंद आणि मुंबईची हवा

चिकटपट्टीचे रीळ संपले की हातात पुठ्ठ्याची एक कडी उरते आणि ती आपण सहज कचऱ्यात टाकतो. भिवंडीच्या मागांवरून उतरलेले कापड, वसईकडच्या कारखान्यांतली प्लास्टिकची फिल्म आणि अंधेरीच्या छापखान्यांतली लेबले अशाच पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळून बाजारात येतात. धंद्यात तिला कोअर म्हणतात. भांडुपच्या एका गाळ्यात अशा नळ्या वळण्याचे यंत्र मी काही वर्षे चालवत आलो आहे. नवे यंत्र घेतलेल्या किंवा घेऊ पाहणाऱ्या माणसाला पहिली विकण्याजोगी नळी हाती येईपर्यंत जे जे करावे लागते, ते या लेखात क्रमाने सांगितले आहे. उदाहरण म्हणून चिकटपट्टीच्या धंद्यात नेहमी लागणारी, ७६.२ मिमी म्हणजे ३ इंच आतल्या व्यासाची, ३ मिमी जाडीची, सहा थरांची नळी घेतली आहे. नळी बिघडली की नवखा माणूस आधी यंत्राला दोष देतो. माझ्या अनुभवात दहापैकी आठ वेळा दोष एक तर कोनात असतो, नाही तर ओलीत.

यंत्र कोणते आणि ते करते काय

नळी वळण्याच्या पद्धती दोन आहेत. पहिल्या पद्धतीत नळीच्या लांबीइतका रुंद कागद दांड्याभोवती चटईसारखा सरळ गुंडाळतात. अशी नळी वाकायला कठीण असते, पण तिची लांबी कागदाच्या रुंदीपलीकडे जात नाही आणि एकेक नळी वेगळी काढावी लागते. दुसऱ्या पद्धतीत कापलेल्या बोटाला चिंधी बांधावी तशा अरुंद पट्ट्या दांड्यावर तिरप्या वळतात, आणि नळी न थांबता सलग पुढे सरकत राहते. हा लेख या दुसऱ्या, म्हणजे स्पायरल पद्धतीच्या यंत्राविषयी आहे.

या यंत्रातला मधला पोलादी दांडा, म्हणजे मँड्रेल, फिरत नाही. त्याचे एक टोक घट्ट आवळलेले असते आणि दुसरे मोकळे असते. दोन ड्रमवर ताणलेला एक रुंद बेल्ट इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा फिरत मध्ये नळीला एक वेढा घालतो. नळी फिरते आणि पुढे सरकते ती या बेल्टच्या पकडीमुळे. नळीची आतली बाजू त्यामुळे स्थिर पोलादावर सतत घासत असते. मेण, बेल्टचा ताण आणि मोटरचा अँपिअर या पुढे येणाऱ्या गोष्टींचे मूळ या घासण्यात आहे.

गाळा आणि बैठक

सहा रिळांचे स्टँड, मुख्य यंत्र आणि करवतीचे टेबल एका ओळीत मांडायचे तर सलग २५ ते ३० फूट लांबी हाताशी असावी. लहान यंत्राला ५ ते ७.५ अश्वशक्तीची मोटर पुरते, पण जोडणी थ्री फेजच लागते. मंजूर भार कमी असेल तर यंत्र येण्याआधीच अर्ज करून ठेवावा. मोटरला व्हीएफडी ड्राइव्ह, म्हणजे वेग हवा तसा कमी-जास्त करणारे उपकरण, लावलेले असावेच, कारण पहिली नळी रांगत्या वेगाने काढावी लागते आणि थेट स्टार्टरवर ते जमत नाही.

यंत्राचा सांगाडा पाणसळ लावून दोन्ही दिशांनी सम करावा आणि मगच अँकर बोल्ट आवळावेत. मँड्रेलच्या मोकळ्या टोकाखाली कोणताही आधार नसल्यामुळे सांगाडा जरा जरी पिळलेला असला तरी नळी पुढे करवतीच्या मध्यावर न येता खाली किंवा बाजूला उतरते. रिळे जमिनीवर ठेवू नयेत, लाकडी फळ्यांवर ठेवावीत. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी पाऊस पडला होता, तसा दिवस दर वर्षी येत नाही हे खरे. पण गाळ्याच्या लादीवरून वर चढणारी ओल दर पावसाळ्यात येते आणि रिळाची खालची कड तिने फुगते. फुगलेल्या कडेची पट्टी दांड्यावर कधीही सपाट बसत नाही.

पट्टीची रुंदी आणि कोन

हा भाग सावकाश वाचावा, आणि शक्य असल्यास कागद-पेन्सिल घेऊन वाचावा.

ओला पुठ्ठा वाळताना आकसतो, म्हणून मँड्रेल नळीच्या मापाहून किंचित जाड घ्यावा लागतो. ७६.२ मिमीच्या नळीसाठी मी ७६.५ मिमीचा मँड्रेल वापरतो. आपला कागद आणि गोंद यांवर हा फरक ठरत असल्यामुळे पहिल्या पन्नास नळ्या वाळवून मोजल्यावरच अंतिम आकडा पक्का करावा. दारूखाना या मुंबईच्या लोखंडबाजारातून जाड नळ घेऊन तो लेथवर उतरवून चालवणारे लोक मी पाहिले आहेत, आणि सुरुवातीला मीही तेच केले. ग्राइंडिंग आणि हार्ड क्रोम न केलेला दांडा दोन-तीन महिन्यांत बेल्टखालच्या भागात झिजतो आणि नळीचा व्यास गुपचूप कमी होऊ लागतो. दांड्यावर वाचवलेले पैसे परत आलेल्या मालात जातात.

आता हिशोब. ७६.५ मिमी व्यासाच्या दांड्याचा परीघ सुमारे २४०.३ मिमी भरतो. दांड्याच्या लांबीशी पट्टी जो कोन करते त्याची कोज्या (कोसाइन) गुणिले परीघ बरोबर पट्टीची रुंदी, हे या धंद्यातले मूळ सूत्र आहे. शाळेतले त्रिकोणमितीचे पुस्तक मला आयुष्यात पुन्हा उघडावे लागले ते याच कामासाठी. १४० मिमी रुंदीची पट्टी घेतली तर १४० भागिले २४०.३ म्हणजे ०.५८३, आणि ही कोज्या असलेला कोन सुमारे ५४.४ अंश येतो. पट्टी या कोनात वळली की एका वेढ्याची कड मागच्या वेढ्याच्या कडेला नेमकी भिडते. कोन एका अंशाने चुकला तर रुंदीत सुमारे ३.४ मिमीचा फरक पडतो, म्हणजे एक तर तेवढी फट राहते किंवा तेवढा भाग एकावर एक चढतो. ‘डोळ्यांच्या अंदाजाने कोन लावला’ असे कोणी अभिमानाने सांगितले तर त्याच्या नळीच्या आतून बोट फिरवून पाहावे.

कोनमापक लहान असतो आणि सांगाड्यावर नीट टेकत नाही, म्हणून मी कोन मापण्याऐवजी वेढ्याचे अंतर मोजतो. एका पूर्ण फेऱ्यात पट्टी दांड्याच्या लांबीवर जितकी पुढे सरकते ते अंतर वरच्या आकड्यांवरून सुमारे १७२ मिमी येते. दांड्यावर खडूने लांबीत एक सरळ रेघ ओढावी, एकच कोरडी पट्टी हाताने दोन-तीन फेरे वळावी आणि सांधा त्या रेघेला जिथे जिथे छेदतो त्या खुणांमधले अंतर मोजपट्टीने मोजावे. १७२ आले की स्टँड जागेवर आवळावा. बेल्टच्या डोक्याचा, म्हणजे दोन्ही ड्रम ज्यावर बसवले आहेत त्या भागाचा, कोनही हाच असावा लागतो, कारण नळी पुढे ढकलणारा तो आहे. स्टँड एक कोन सांगतो आणि बेल्ट दुसरा, अशी ओढाताण झाली की कागद सुरकुततो आणि कारागीर विनाकारण रिळाच्या स्टँडचा ब्रेक आवळत बसतो.

एक खोच अजून आहे. सगळे थर एकाच नळीचे असल्यामुळे प्रत्येक फेऱ्यात सगळ्यांना १७२ मिमीच पुढे सरकावे लागते, पण बाहेरच्या थराखालचा व्यास आतल्यापेक्षा मोठा असतो. अर्ध्या मिमी जाडीच्या कागदाचे पाच थर बसल्यावर सहाव्या पट्टीखाली व्यास ८१.५ मिमी झालेला असतो, आणि तिला नीट भिडायला १४३ मिमी रुंदी लागते. आतली पट्टी १४० आणि बाहेरची १४३, मधल्या प्रत्येकी अर्ध्या-पाऊण मिमीने वाढत्या, अशी रिळे कापून घ्यावीत. सगळ्या पट्ट्या १४० च्याच घेतल्या तर बाहेर ३ मिमीची फट दिसेल. सगळ्या १४३ च्या घेतल्या तर आतल्या थरात तेवढाच चढ येईल, आणि आतला चढ म्हणजे ग्राहकाच्या यंत्राच्या दांड्यावर, म्हणजे शाफ्टवर, न जाणारी नळी. अर्धा ते एक मिमी फट एक वेळ चालते, चढ मात्र अजिबात चालत नाही.

कागद

नळीला वापरायचा क्राफ्ट बोर्ड वापीच्या आणि महाराष्ट्रातल्या कागद गिरण्यांतून येतो. अर्ध्या मिमी जाडीसाठी साधारण ३५० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ३५० ग्रॅम वजनाचा, कागद लागतो, पण जीएसएम आणि जाडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे विसरू नये. फुगीर कागद जाड दिसतो आणि दाबला की बसतो. कागदाच्या पोटात धाग्यांची पकड किती आहे हे नळीसाठी सर्वांत महत्त्वाचे, आणि ते पाहण्याची गाळ्यातली रीत सोपी आहे. पट्टीच्या टोकाला नखाने दोन पापुद्रे सुटे करावेत आणि ओढावेत. वडीच्या अळूपानासारखे सुळकन सुटले तर तो कागद आतल्या थरांना घेऊ नये. रीळ आल्याबरोबर पिन टोचून पाहायच्या मीटरने ओल तपासावी. ७-८ टक्के ठीक, १० च्या वर असेल तर गाडी उतरवण्याआधीच बोलून घ्यावे.

गोंद

जुन्या गाळ्यांत सोडियम सिलिकेट वापरत असत आणि अजूनही वापरतात. ते स्वस्त आहे, नळी टणक करते, पण वाळल्यावर ठिसूळ होते, करवतीची धार खाते आणि अल्कली असल्यामुळे कारागिराच्या हातांची कातडी जाळते. स्टार्च आणि डेक्स्ट्रिनची खळ चांगली चिकटते, मात्र पावसाळ्यात ती आंबते आणि तिच्यावर बुरशी येते. नवशिक्याने पीव्हीए (पॉलिव्हिनाइल ॲसिटेट) गोंदापासून सुरुवात करावी. महाग पडला तरी त्यात शिकताना होणाऱ्या चुका खपतात. पुरवठादाराने सांगितलेल्यापेक्षा जास्त पाणी घालू नये. घातलेले प्रत्येक तांब्याभर पाणी पुढे नळीतून वाळवून काढायचे असते, आणि मुंबईत ते काम हवा फुकट करून देत नाही. पातळपणा रोज सकाळी तळाला भोक असलेल्या फोर्ड कपातून निथळायला लागणाऱ्या सेकंदांवर तपासून फळ्यावर लिहावा.

सहा थरांपैकी पहिली आणि सहावी पट्टी कोरडी जाते. पहिलीला गोंद लागला तर ती दांड्याला चिकटेल आणि सहावीला लागला तर बेल्ट बरबटेल. दुसरी ते पाचवी या चार पट्ट्या गोंदाच्या पेटीतून बुडून, दोन्ही बाजूंच्या पात्यांमधून निथळून पुढे जातात. पाती इतकी आवळावीत की पट्टी चमकली पाहिजे, पण तिच्यावरून ओघळ येता कामा नये. बोट फिरवल्यावर दह्याच्या सायीइतका पातळ थर बोटावर यावा. पहिल्या पट्टीच्या आतल्या बाजूला, जिथे ती दांड्यावर घासणार आहे, पॅराफिन मेणाची वडी वजनाने दाबून ठेवतात. सिलिकॉनचे तेल मेणापेक्षा छान चालते, तरी मी ते टाळतो, कारण ते ग्राहकाच्या चिकटपट्टीवर किंवा छपाईवर उतरले तर त्याचा सगळा माल खराब होतो.

पहिली नळी

यंत्र सुरू करण्याआधी सैल बाह्या दुमडाव्यात आणि अंगठी, कडे, गळ्यातले काढून ठेवावे. बेल्ट आणि नळी यांच्या सांध्यात गेलेली वस्तू परत येत नाही. एकदा माझ्याकडच्या मुलाने हात पुसायचे फडके नळीवर टेकवले आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत ते थरांमध्ये वळले गेले. पुढच्या दीड मीटर नळीत ते निळे फडके दिसत होते. त्या दिवसापासून लाल बटण यंत्राच्या दोन्ही बाजूंना आहे.

पहिल्या पट्टीचे टोक तिरपे कापून, दांड्यावर हाताने दोन फेरे वळून ते चिकटपट्टीने बांधावे आणि बेल्ट बेताने ताणावा. मिनिटाला २-३ मीटरच्या वेगाने ती एकटीच चालू द्यावी. सांधा आधी पाहावा. फट सगळीकडे सारखी आणि एक मिमीच्या आत असेल तर कोन बरोबर आहे. फट उघडते-मिटते असे दिसले तर स्टँडचा ब्रेक रिळाला धक्के देत आहे. हे जमल्यावरच दुसरी पट्टी घालावी. तिचा सांधा पहिलीच्या सांध्यावर येऊ देऊ नये, रुंदीच्या एक षष्ठांश म्हणजे सुमारे २३ मिमी पुढे सरकवावा. असे प्रत्येक थराला २३ मिमी सरकवत गेले की सहा सांधे नळीभर वाटले जातात. सांधे एकाखाली एक आले तर नळी तिथेच दबते.

बेल्टचा ताण हा कारागिराच्या हाताचा भाग आहे आणि तो लिहून शिकवता येत नाही, तरी एक आधार देतो. चांगली नळी येत असताना ड्राइव्हच्या पडद्यावर मोटर किती अँपिअर घेते ते टिपून ठेवावे. पुढे वेग तोच असताना आकडा एका अँपिअरने जरी वर गेला तरी कारण शोधावे. बहुधा मेणाची वडी संपलेली असते, किंवा गोंद पहिल्या पट्टीच्या कडेवरून दांड्यापर्यंत पोचलेला असतो. तसेच चालू ठेवले तर पहिला थर आत गोळा होतो आणि मग नळी हातोडीने काढावी लागते. सैल बेल्टची खूण उलटी असते. नळी फिरते, पण सरकत नाही, आणि बेल्टच्या कडेला कागदाचा भुसा साठतो.

पहिले दोन-तीन मीटर टाकून द्यावेत. मग वेग मिनिटाला १० ते १५ मीटरपर्यंत न्यावा. रीळ संपताना नवे टोक चिकटपट्टीने जोडावे, स्टेपलरच्या पिना मारू नयेत. त्या पिना करवतीच्या वाट्याला येतात आणि एकेक दात घेऊन जातात.

कापणे

नळी सलग येत असल्यामुळे करवतीला तिच्याबरोबर त्याच वेगाने सरकत कापावे लागते. नळीचे टोक लिमिट स्विचला लागले की करवतीची सरकती गाडी नळीला पकडते, पाते खाली येते आणि काम झाले की गाडी मागे जाते. ओल्या नळीची लांबीही वाळताना किंचित घटते. म्हणून यंत्रावर दीड-दोन मीटरच्या नळ्या लांबीला थोड्या जास्त ठेवून कापाव्यात आणि ४८ मिमीच्या कड्या वाळल्यानंतरच पाडाव्यात. ओली नळी बारीक कापायला घेतली की पात्याखाली तिच्या कडा चोथ्यासारख्या फाटतात.

वाळवणे

पहिल्या पावसाळ्यात मी एका चिकटपट्टीवाल्याला नळ्या दिल्या. वळून दोन दिवस झाले होते, हाताला कोरड्या लागत होत्या. चार दिवसांनी त्याचा फोन आला की नळ्या शाफ्टवर चढत नाहीत. जाऊन व्हर्नियरने मोजले तेव्हा आतला व्यास ७५.८ मिमी भरला. बाहेरचे आणि आतले थर कोरडे होते, ओल मधल्या चार थरांत होती, आणि ती त्याच्या वातानुकूलित गोदामात आरामात वाळली. सगळा माल परत आला आणि टेम्पोचे भाडे दोन्ही वेळचे मीच भरले.

मुंबईत एकट्या जुलैत ८०० मिमीहून अधिक पाऊस पडतो आणि हवेतली आर्द्रता कित्येक दिवस ८५ टक्क्यांच्या खाली येत नाही. अशा हवेत उघड्यावर ठेवलेली नळी वाळत नाही, नुसती जुनी होते. नोव्हेंबर ते मार्च या काळात नळ्या उभ्या ठेवून २४ ते ४८ तास पुरतात. आडव्या रचल्या तर खालच्या दबून लंबगोल होतात आणि आतून हवा फिरत नाही. उभ्या नळीतून हवा आरपार खेळते, म्हणून तिच्याखाली जाळीची फळी असावी. जून ते सप्टेंबरसाठी मात्र एक बंद खोली, हीटर आणि त्याहून महत्त्वाचा असा बाहेर हवा फेकणारा पंखा लागतो. नुसता हीटर लावून दार बंद केले तर आत धोबीघाट तयार होतो. खोली ४५ ते ५० अंश सेल्सिअसवर ठेवावी. घाईने त्याहून तापवली तर बाहेरचा थर आधी आवळतो आणि नळी धनुष्यासारखी वाकते किंवा तिची कड सुटते.

नळी वाळली हे ओळखायला वजनकाटा पुरतो. या मापाच्या एक मीटर नळीत साधारण ५२५ ग्रॅम कागद जातो, वर गोंदाचे वजन. प्रत्येक खेपेतल्या तीन नळ्यांवर खूण करून त्या सकाळ-संध्याकाळ तोलाव्यात आणि लागोपाठ दोन तोलांत वजन घटले नाही की खेप बाहेर काढावी. जुने कारागीर काटा वापरत नाहीत. माठ घेताना वाजवून पाहतात तशी ते नळी बोटाच्या पेराने वाजवतात. वाळलेली खणखणते, ओली बद्द बोलते. माझा कान अजून तितका तयार नाही, म्हणून मी दोन्ही करतो.

दोष आणि तपासणी

बाहेरची कड सुटत असेल तर पाचव्या पट्टीला गोंद कमी पडतो आहे किंवा सहावी पट्टी अरुंद आहे. भिंतीत फोड येत असतील तर बहुतेक वेळा गोंदाच्या पेटीवरची पाती सैल झालेली असतात आणि अडकलेले पाणी बाहेर पडायला वाट शोधत असते. नळी कापल्यावर कडेत थर सुटे दिसले तर आधी कागद नखाने सोलून पाहावा. गोंदाच्या जागी फाटले तर गोंद दोषी, कागदाच्या पोटात फाटले तर कागद दोषी, आणि दुसऱ्या बाबतीत गोंद बदलून काहीही होणार नाही.

नळीची दाब सोसण्याची ताकद, ओल आणि मापे तपासण्याच्या पद्धती आयएसओ ११०९३ या मानकात दिल्या आहेत आणि मोठे ग्राहक त्याचा उल्लेख करतात. दाबयंत्र गाळ्यात ठेवणे परवडत नाही, नमुने प्रयोगशाळेत पाठवता येतात. लेथवर दोन गोल ठोकळे मात्र जरूर करून घ्यावेत, एक ७६.२ मिमीचा आणि एक ७६.८ मिमीचा. पहिला उभ्या नळीतून स्वतःच्या वजनाने खाली उतरला पाहिजे आणि दुसरा तोंडावर अडकला पाहिजे. ही तपासणी माल भरायच्या दिवशी करावी, वळल्याच्या दिवशी नव्हे, आणि ठोकळे नळ्यांपासून लांब, तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवावेत, कारण भांडुपच्या पावसाळ्यात उघड्या पोलादावर आठवड्याभरात गंज चढतो आणि मग ठोकळ्याचेच माप बदलते.